नॉर्म्सला मराठीत काय म्हणायचं?

रानजाई
एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय आणि एका शब्दापाशी तीन दिवस अडून बसलेय. साठीच्या पुढच्या, मेंदूचा कुठलाही आजार नसलेल्या माणसांच्या चाचण्या घ्यायच्या आहेत. काही शब्द ऐकून थोड्या वेळाने आठवायचे, मिनिटभरात सुचतील तेवढे प्राणी सांगायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, असं. आजारी माणसं नकोत, धडधाकटच हवीत. आपल्या भागातल्या, आपल्याएवढ्याच शिकलेल्या चांगल्या माणसाला साधारण किती गुण पडतात हेच ठाऊक नसेल, तर उद्या एखाद्या आजोबांचे गुण कमी आहेत हे कशावरून म्हणायचं? अशा गुणांच्या तक्त्याला इंग्रजीत नॉर्म्स म्हणतात.

मी आधी 'मानके' लिहिलं. गावातल्या एका आजींना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "म्हणजे मानपान करणार का आमचा?" मग 'निकष' केलं. त्यावर त्यांचे यजमान म्हणाले, "किती मार्काला पास?" ते तर मुळीच नकोय. परीक्षा आहे असं वाटलं की माणसं घाबरतात, कुणी येतच नाही. ऐकणारी माणसं चौथीपर्यंत शिकलेली, काही शाळेत न गेलेली. शब्द सुचवा.

शिलालेख
अडण्यासारखं काय आहे? 'प्रमाणके'. आम्ही एम.ए.ला मानसशास्त्र मराठीतून शिकलो, तेव्हा स्टँडर्डायझेशनला प्रमाणीकरण, रिलायबिलिटीला विश्वसनीयता आणि नॉर्म्सला प्रमाणके होतं. व्ही. व्ही. कामतांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली ती १९३०च्या दशकात. म्हणजे या कामाला आपल्याकडे नव्वद वर्षं होत आली. घडवलेले शब्द वापरायचेच नाहीत आणि मग मराठीत शब्द नाहीत म्हणायचं, याचा मला खरंच त्रास होतो. 'मानक' मात्र नको, तो हिंदीतून आलाय. आपण प्रमाणभाषा म्हणतो, प्रमाणवेळ म्हणतो.

गिरगावकर
सर, प्रमाणवेळेवरूनच सांगतो. प्रमाणवेळ म्हणजे अख्ख्या देशाला एकच घड्याळ. ती १९०६ साली आली, पण मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, ३९ मिनिटं मागे. आमच्या घरी जुन्या लग्नपत्रिका आहेत, त्यांत मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.', म्हणजे स्टँडर्ड टाइम, असं मुद्दाम छापलंय, नाहीतर पाहुणे अक्षता पडून गेल्यावर पोचायचे. रानजाईताईंना जे हवंय ते मुंबई टाइमसारखं आहे. इथल्या सूर्यावर लावलेलं घड्याळ. 'प्रमाण' म्हटलं की वरून ठरवून दिलेलं वाटतं.

सातबारा
गिरगावकर, प्रमाण म्हणजे सगळीकडे एकच असं नाही. माझी नोकरी महसुलात गेली. पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं ते, काढताना गावात पीक कापणी प्रयोग करायचे आणि आलेलं उत्पन्न 'प्रमाण उत्पन्ना'शी ताडून बघायचं. पन्नास पैशांच्या आत आलं की टंचाईच्या सवलती. पण ते प्रमाण उत्पन्न त्या-त्या भागाचं आणि त्या-त्या पिकाचं. कोकणातल्या भाताचा आकडा मंगळवेढ्याच्या ज्वारीला लावला असता, तर शेतकऱ्याने मला बांधावर उभं केलं नसतं. म्हणून शिलालेख सरांचा शब्द मला पटतो. फक्त पुढे 'आपल्या भागाचे' जोडा.

रंधा
नॉर्म हा शब्द मुळात आमच्या धंद्यातला आहे. लॅटिनमध्ये नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. नॉर्मल म्हणजे गुण्यात असलेलं. वडील फळीच्या कडेला गुण्या लावायचे आणि दोन्ही उजेडाकडे धरायचे. मधून उजेडाची रेघ दिसली की फळी पुन्हा रंध्याखाली. पण गुण्या कधी त्याच फळीचा करत नाहीत. तो आधीच तयार असतो आणि त्याच्यापुढे सगळं लाकूड सारखं. ताई सांगताहेत ते तर उलटंच आहे, माणसं मोजून त्यांच्यातूनच गुण्या बनवायचा. म्हणजे इंग्रजी शब्दच घर सोडून लांब गेलाय. मूळ धरून भाषांतर केलंत तर फसाल.

शिलालेख
व्युत्पत्ती आवडली. पण 'प्रमाण'मध्येही मा हाच धातू आहे, मोजणे. मोजून मिळालेलं ते प्रमाण. आणखी काय हवं?

पाऊणशे
साधं 'सरासरी' का नको? बाजारात, क्रिकेटात, पावसाच्या बातमीत सगळीकडे आहे. आजींनाही कळेल.

शिलालेख
सरासरी फारसी आहे.

पाऊणशे
जमीन, बाजार आणि कागदही फारसीच आहेत, सर. ते आपलेच झालेत. चार शतकं वापरलेला शब्द परका म्हणायचा आणि मागच्या पिढीत समितीने पाडलेला आपला, हे मला मान्य नाही. पण माझ्याच सूचनेत एक खोट आहे, ती मीच सांगतो. नॉर्म्स म्हणजे नुसती सरासरी नाही. सरासरी २५ असेल तर २३ वाल्याला आजारी म्हणत नाहीत. शंभरातले अगदी तळाचे पाचेक जण कुठे येतात ते बघायचं असतं. त्यामुळे 'सरासरी' ऐकून निम्मा गाव स्वतःला कमी समजेल. 'पल्ला' कसा वाटतो? 'तुमच्या वयाच्या माणसांच्या गुणांचा नेहमीचा पल्ला.'

रानजाई
पल्ला छान आहे! लिहून ठेवते.

गिरगावकरांचं घड्याळ का लागू पडतं ते सांगते. सगळ्यात जास्त वापरली जाणारी छोटी चाचणी १९७५ साली अमेरिकेत झाली, ३० गुणांची. २४ च्या खाली गेलं की शंका घ्यायची, असा रिवाज पडला. १९९३ साली तिथेच अठरा हजार प्रौढांचे गुण शिक्षणाप्रमाणे मांडले गेले. नऊ किंवा जास्त वर्षं शाळेत गेलेल्यांचा मध्यक (निम्मे वर, निम्मे खाली असा मधला आकडा) २९, पाच ते आठ वर्षंवाल्यांचा २६ आणि चार वर्षं किंवा कमी शिकलेल्यांचा २२. म्हणजे चौथी शिकलेली निम्म्याहून जास्त माणसं रेघेच्या खाली. हे अमेरिकेतच, मग आपल्याकडे काय? म्हणून हरियाणात बल्लभगढला या चाचणीचं हिंदी रूप केलं, १९९५ साली छापून आलं. त्यात 'एक वाक्य लिहा' काढून घराबद्दल काहीतरी सांगायला लावलं, कारण लिहिता न येणं हा आजार नव्हे.

आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट. सप्टेंबरात एका दवाखान्यात आत्याला घेऊन गेले होते. विचारलं, आज तारीख काय? आत्या म्हणाली, "भाद्रपद वद्य पंचमी. पितृपंधरवडा चालूय." कागदावर शून्य. ऋतू कुठला? "उत्तरा चालू आहे, हत्ती लागायचाय." तिने पावसाची नक्षत्रं सांगितली, पण तिथेही शून्य, कारण छापील उत्तर पावसाळा. तपासणाऱ्या मुलीकडे पंचांग नव्हतं, तिला तरी काय बोलणार? घरी येताना रिक्षात आत्या मला विचारत होती, "मी काय चुकीचं सांगितलं गं?" हे काम मी घेतलं ते त्यामुळे.

गिरगावकर
ताई, वाचून गलबललं. आज किती लोकांना तिथी न बघता सांगता येते?

शिलालेख
आत्यांचं उत्तर बरोबरच होतं, आणि तारखेपेक्षा अवघड. यावर वाद नाही. पण पत्रकात कॉग्निटिव्हला काय केलंत? 'संज्ञानात्मक' असेल तर बदला, ते हिंदी आहे. मराठीत बोधात्मक.

पाऊणशे
बोधात्मक म्हटल्यावर लोकांना बोधकथा आठवते. 'लक्ष, आठवण आणि हिशेब' असंच लिहा.

रंधा
सात-सात वजा करण्यावरून एक शंका. ९३, ८६, मग ७९. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, बोलताना ऐंशीच आधी डोक्यात येतं. आमच्या आईला हिशेब पक्का येतो, पण एकोणऐंशी की एकोणसत्तर इथे ती दरवेळी थांबते. इंग्रजीत मोजणाऱ्याला हा अडसर नाही. हे गुणांत धरतात का?

सातबारा
आणि 'निरोगी'चं काय केलं? आमच्या गावात साठीच्या पुढे बीपी, शुगर नसलेला माणूस शोधावा लागेल. गोळी घेऊन शेतात जाणारा निरोगी की नाही? त्याला वगळलंत तर तक्ता मूठभर पैलवानांचा होईल. आमच्याकडे अशाला 'हिंडतं-फिरतं माणूस' म्हणतात.

रानजाई
'हिंडती-फिरती, आपला व्यवहार आपण बघणारी माणसं' असं करते, काका. मनापासून आभार. एकोणऐंशीचा मुद्दा आमच्या डॉक्टरांना विचारते. नॉर्म्ससाठी 'नेहमीचा पल्ला' आणि कंसात 'प्रमाणके' ठेवावं का?

शिलालेख
उलट करा. प्रमाणके बाहेर, पल्ला कंसात.

पाऊणशे
आजी कंसातलं ऐकणार कशा? मोठ्याने वाचताना कंस दिसत नाही.

सातबारा
उत्तरावरून आठवलं. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा.' उत्तरा पडल्या की भात इतका पिकतो की कुत्रंही तोंड लावत नाही. आत्यांनी पितर आणि उत्तरा एका दमात सांगितलं ते उगीच नाही.

गिरगावकर
आमच्या रत्नागिरीकडे 'कुतरा' म्हणतात, मगच 'पितरा'शी जुळतं. हत्तीची म्हण कुणाला येते का?