शब्दचर्चा : कॅप्टन, कप्तान आणि कमोडोर

प्रश्न : अमेरिकेच्या आरंभीच्या नौदलातील स्टीफन डेकॅटर (१७७९–१८२०) यांचा परिचय मराठीत लिहिताना त्यांच्या हुद्द्यापाशी अडायला होते. १८०४ साली ते कॅप्टन झाले, १८१५ साली कमोडोर म्हणून अल्जीयर्सच्या मोहिमेवर गेले आणि मृत्यूसमयी त्यांचा हुद्दा पुन्हा कॅप्टनचाच सांगितला जातो. मधल्या काळात त्यांची पदावनती झाली होती काय? आणि कमोडोरसाठी ‘सरखेल’ हा आपला शब्द योजता येईल काय?

उत्तर : पदावनती मुळीच झाली नव्हती. त्या काळी अमेरिकी नौदलात कॅप्टनच्या वर हुद्दाच नव्हता. ॲडमिरल हे पद राजेशाही थाटाचे वाटत असल्यामुळे ते निर्माण करण्यास तेथील काँग्रेस (संसद) राजी नव्हती आणि कमोडोर हा अधिकृत हुद्दा झाला तो थेट १८६२ मध्ये. तोपर्यंत ज्या कॅप्टनकडे ताफ्याचे नेतृत्व सोपवले जाई त्याला कमोडोर म्हणत आणि मोहीम संपल्यावरही लोक सौजन्याने त्याच नावाने त्याचा उल्लेख करीत. आज भारतीय नौदलात कमोडोर हा भूदलातील ब्रिगेडियरच्या तोडीचा कायम हुद्दा आहे, त्यामुळे मराठी वाचकाचा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. पहिल्याच उल्लेखात ‘ताफ्याचे कमोडोर’ असे लिहिल्यास तो टळेल.

खरा गुंता ‘कॅप्टन’ या शब्दाचा आहे, कारण तो हुद्दाही सांगतो आणि जहाजावरचे कामही. ऑक्टोबर १८०३ मध्ये फिलाडेल्फिया ही अमेरिकी फ्रिगेट (एक प्रकारची युद्धनौका) उत्तर आफ्रिकेतील त्रिपोलीजवळ खडकावर रुतून तेथील शत्रूच्या हाती पडली. १६ फेब्रुवारी १८०४ च्या रात्री डेकॅटर इंट्रेपिड या लहान गलबतातून त्या बंदरात शिरले, फ्रिगेट पेटवून दिली आणि आपला एकही माणूस न गमावता बाहेर पडले. गलबताचे प्रमुख तेच होते, हुद्दा मात्र लेफ्टनंटचा होता. या पराक्रमाबद्दल मधला मास्टर कमांडंट हा हुद्दा ओलांडून त्यांना २५ व्या वर्षी थेट कॅप्टन करण्यात आले.

याहून बोलके उदाहरण १८०७ मधील चेसापीक या फ्रिगेटचे आहे. तिच्यावर जेम्स बॅरन कमोडोर होते आणि त्यांचा हुद्दा कॅप्टनचा होता. जहाज प्रत्यक्ष चालवणारे चार्ल्स गॉर्डन मात्र मास्टर कमांडंट होते. ब्रिटिशांच्या लेपर्ड या युद्धनौकेने हल्ला केल्यावर बॅरन यांनी निशाण उतरवून शरणागती पत्करली आणि पुढे लष्करी न्यायालयाने त्यांना पाच वर्षे निलंबित केले. त्या न्यायालयात डेकॅटर बसले होते. दोघांतील वैर पुढे इतके चिघळले की २२ मार्च १८२० रोजी ब्लेडन्सबर्ग येथील द्वंद्वयुद्धात बॅरन यांच्या गोळीने डेकॅटर यांचा अंत झाला. तेव्हा दोघेही लोकांच्या तोंडी कमोडोर होते आणि दप्तरी कॅप्टन.

म्हणून माझी सूचना अशी की हुद्द्यासाठी ‘कॅप्टन’ आणि जहाज ज्याच्या हुकमाने चालते त्याच्यासाठी मराठीत रुळलेला ‘कप्तान’ हा शब्द ठेवावा. मग ‘चेसापीकचे कप्तान मास्टर कमांडंट गॉर्डन’ हे वाक्य विचित्र वाटणार नाही.

‘सरखेल’ मात्र येथे बसत नाही. कान्होजी आंग्रे यांना मिळालेले ते पद मराठ्यांच्या आरमाराच्या मुख्याधिकाऱ्याचे होते आणि पुढे ते आंग्रे घराण्यात चालत राहिले. डेकॅटर यांच्याकडे संपूर्ण नौदल कधीच नव्हते. १८१५ मध्ये एका मोहिमेपुरता ताफा होता आणि पुढे नौदल आयुक्त मंडळात जॉन रॉजर्स व डेव्हिड पोर्टर हे बरोबरीचे सदस्य होते.

पुरवणी प्रश्न : लेफ्टनंटवरून कॅप्टन म्हणजे एकच पायरी नव्हे काय?

उत्तर : भूदलात तसे आहे. नौदलातील कॅप्टन मात्र भूदलाच्या कर्नलच्या तोडीचा असतो, त्यामुळे डेकॅटर यांची ती बढती ‘कॅप्टन झाले’ एवढ्यावर सोडली तर वाचकाला फारच लहान वाटेल. ‘नौदलातील तेव्हाच्या सर्वोच्च हुद्द्यावर’ हे शब्द तेथे अवश्य घालावेत.