पाण्याचे गुण हा देवाच्या योजनेचा पुरावा म्हणावा का? (नामसप्ताहात बोलायचं आहे)

लादीवाला, रत्नागिरी

नमस्कार मंडळी. मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात मी २६ वर्षं ऑपरेटर होतो. आता घरीच असतो. आमच्या वाडीतल्या देवळात श्रावणात नामसप्ताह बसतो. यंदा मंडळातली मुलं म्हणाली, "आप्पा, एका संध्याकाळी पंधरा मिनिटं तुम्ही बोला, पण तुमच्या कामातलं बोला." मी लगेच हो म्हटलं. काय बोलायचं ते मनात कधीचं तयार आहे. पाणी ही देवाने विचार करून घडवलेली वस्तू आहे आणि त्याचा पुरावा मी रोज खांद्यावर वाहिलाय.

मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, सगळं बोला, फक्त 'पुरावा' म्हणू नका. हे हायड्रोजन बंधामुळे, म्हणजे पाण्याचे रेणू एकमेकांना धरतात त्या पकडीमुळे होतं." दोन दिवस घरात याच्यावरच चाललंय, म्हणून इथे विचारतो.

माझं म्हणणं असं. कारखान्यात मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. अमोनियाच्या कॉइलने ते पाणी उणे दहाच्या आसपास ठेवायचं आणि त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे साचे सोडायचे. साचा काठोकाठ भरायचा नाही, वर जागा सोडायची, ही पहिल्या दिवशीची शिकवण. नवा पोरगा विसरला की दुसऱ्या दिवशी लादी काठाच्या वर फुगून आलेली आणि झाकणाच्या फळीला चिकटलेली. तूप थिजलं की मधे खळगा पडतो. मेणाचंही तसंच. पाणी तेवढं उलटं वागतं, अकरा तांबे पाण्याचा जवळजवळ बारा तांब्यांएवढा बर्फ होतो. म्हणून तो हलका, म्हणून तो तरंगतो. थंड मुलखातल्या तळ्यावर बर्फाचं झाकण बसतं आणि खाली चार अंशांच्या पाण्यात मासे हिवाळा काढतात. बर्फ जड असता तर तळाशी जाऊन साचत राहिला असता.

दुसरी गोष्ट रात्रपाळीत बघितलेली. साच्यातलं पाणी तीस अंशांवरून शून्यावर यायला फार वेळ लागत नाही. मग मात्र थर्मामीटर शून्यावर खिळतो. कॉम्प्रेसर धडधडतोय, तास जातायत आणि काटा हलत नाही. तीसवरून शून्यावर आणायला किलोमागे ३० किलोकॅलरी काढाव्या लागतात आणि नुसतं गोठवायला वर ८०. ही मेहनत फुकट जात नाही. बोटीच्या खणात बांगड्यावर, सुरमईवर तो बर्फ पसरला की तेवढीच ८० किलोकॅलरी खेचत खेचत तो वितळतो, आणि पूर्ण वितळेपर्यंत स्वतः शून्यावरच राहतो. दर्यात सहा-सहा दिवस राहिलेली मासळी याच्यावर ताजी येते. एवढं सगळं जुळून आलेलं बघून मी काय म्हणायचं? पुरावा म्हणू की नको?

विज्ञानाच्या बाई, चिपळूण

आप्पा, दहावीला 'पाण्याचे असंगत आचरण' हा भाग मी दर वर्षी शिकवते. होपचं उपकरण, म्हणजे वर आणि खाली तापमापी लावलेलं पाण्याचं उंच भांडं मांडते, त्याच्या मधल्या भांड्यात बर्फ-मिठाचं गोठण मिश्रण घालते. खालचा तापमापी उतरत उतरत चार अंशांवर थांबतो आणि वरचा नंतर शून्याकडे जातो, तेव्हा वर्ग गप्प होतो. तुमच्या फुगलेल्या लादीचं उदाहरण आता मी वर्गात सांगणार आहे.

मुलीचं बरोबर आहे. पाण्याचा रेणू वाकडा असतो, दोन हायड्रोजनमधला कोन १०४.५ अंशांचा. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक दिशांनी धरून बसतो, त्यामुळे मधे पोकळी राहते. वितळताना ती जाळी मोडते आणि रेणू जवळ सरकतात. तुमच्या ८० किलोकॅलरीही त्या पकडी सैल करण्यात खर्च होतात. या पकडी किती महत्त्वाच्या ते पाण्याच्या भावंडावरून कळतं. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूहून जड, तरी तो उणे ६० अंशांना उकळतो. हे बंध नसते तर आपल्याकडे पाणी फक्त वायू म्हणून असतं.

दोन दुरुस्त्या मात्र करा. 'पाणी तेवढं उलटं वागतं' हे खरं नाही. बिस्मथ, गॅलियम, सिलिकॉनसुद्धा गोठताना फुगतात. आणि चार अंशांची गोष्ट गोड्या पाण्याची आहे, ते चार अंशांना सगळ्यात जड असतं म्हणून तळाशी बसतं. समुद्राचं पाणी खारटपणामुळे गोठेपर्यंत जड होतच जातं आणि उणे दोनच्या जरा अलीकडे गोठतं. बर्फ तिथेही तरंगतो, पण खालच्या माशांना चार अंशांची ऊब नसते. अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या काही माशांच्या रक्तात बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिनं असतात. म्हणजे तिथे पाणी माशाच्या सोयीचं झालं नाही, मासा पाण्याप्रमाणे बदलला. दर्यावर जगणाऱ्या लोकांपुढे बोलणार आहात, तळ्याची गोष्ट समुद्राला लावू नका.

जुना फौजी, सातारा

मी द्रासला दोन हिवाळे काढले. रात्री नळाची धार बारीक चालू ठेवायचो, कारण पाणी थांबलं की लोखंडी पाइप लांबीला उभा फाटायचा. झंस्कार नदीवर गोठलेल्या पाण्याला तिथले लोक चादर म्हणतात. त्या चादरीवरून माणसं चालतात आणि पायाखाली नदी वाहताना ऐकू येते. ते ऐकून माझ्याही अंगावर काटा आला होता, तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळतं.

पण आमच्यातल्या एकाची दोन बोटं हिमदंशात गेली. बोटातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि मांस मरतं. बर्फाचा जो स्वभाव तळ्यातला मासा वाचवतो, त्याच स्वभावाने त्याची बोटं नेली. मी रोज पूजा करतो. योजना म्हणणार असाल तर हेही त्या पंधरा मिनिटांत घ्या. नुसतं गोड तेवढं सांगितलं तर ऐकणाऱ्यात ज्याचं काही गेलंय, तो मान खाली घालून बसेल.

दर्शनशास्त्र, पुणे

हा वाद आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी चांगला रंगला होता. घट दिसला की कुंभार होता असं आपण धरतो. जगही घडवलेलं दिसतं, म्हणून त्याचा कर्ता असलाच पाहिजे, असं अनुमान नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी मांडलं. त्यांच्यातल्या उदयनाचार्यांनी ते फार नेटाने लढवलं. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड हा शास्त्रज्ञ थेट तुमच्या तळ्यावरच आला होता, पाणी गोठण्याआधी फुगू लागतं यात त्याला निर्मात्याचं शहाणपण दिसलं.

विरोध मात्र फक्त नास्तिकांनी केला असं समजू नका. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात रामानुजाचार्यांनी हे अनुमान खोडून काढलंय. मोठा वाडा पाहिला तर तो एकाने बांधला की अनेकांनी, एकदम झाला की टप्प्याटप्प्याने, हे वाड्यावरून कळत नाही, मग जगावरून एकच सर्वज्ञ कर्ता कसा सिद्ध करणार, अशी त्यांच्या म्हणण्याची दिशा. ईश्वर शास्त्रातून कळतो, अनुमानाने नाही, हा त्यांचा पक्ष. भक्तिमार्गाचा एवढा मोठा आचार्य, आणि त्याला या पुराव्याची गरज वाटली नाही. तुमची मुलगी 'पुरावा' शब्दाला अडते म्हणून तिला देवाचं वावडं आहे असं मानू नका.

मला स्वतःला एक प्रश्न उरतो. हायड्रोजन बंधाने बर्फ का तरंगतो ते कळतं. असे बंध असणारं जग मुळात का आहे, ते कळत नाही. तिथे देव म्हणायचं की गप्प राहायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण तो रसायनशास्त्राचा प्रश्न नव्हे.

खणवाली, हर्णै

आमचे हे बोटीवर असतात. बर्फ वेळेवर मिळाला नाही की काय होतं ते आम्हाला विचारा. आप्पा, तुम्ही बोला. माशांचं तर बोलाच.

लादीवाला, रत्नागिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो.

बाई, 'पाणी तेवढं' हे शब्द खोडले. खरं तर मला हे सुचायला हवं होतं, कारण २६ वर्षं मीच मिठाचं पाणी उणे दहावर पातळ ठेवत होतो. समुद्राची गोष्ट वेगळी सांगेन. बिस्मथही फुगतो म्हणून माझं पाण्याचं कौतुक कमी होत नाही, त्याने कोणाची तहान भागत नाही.

फौजी दादा, बोटांचं घेणार आहे. ते वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्याकडेही थंड पत्र्याला कातडी चिकटून सोललेले हात मी पाहिलेत. बर्फ देवाचा म्हणताना ते हात मी सोयीने विसरलो होतो.

पुराव्याचं असं आहे. रात्री दोन-अडीचला साचा साध्या पाण्यात बुडवला की लादी सैल होऊन सुटते. साच्यातल्या पाण्यात बुडबुडे सोडणारी हवेची नळी नीट चाललेली असली की ती काचेसारखी निघते, पलीकडचा दिवा दिसतो, फक्त मधे पांढरी शीर. कितीतरी वेळा मी हातमोजे काढून तिला हात जोडलेत. सोबत कोणी नसायचं. तेव्हा मी कुणाला काही सिद्ध करून दाखवत नव्हतो. पुणेकरांचं वाचल्यावर हे ध्यानात आलं. 'पुरावा' काढला. आता लिहिलंय, "हे बघून मला देव आठवतो, का ते सांगतो." मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हायड्रोजन बंधाची पाच मिनिटं मी बोलते. मंडळाला विचारलं, ते हो म्हणाले.

जुन्या कारखान्यातून एक लादी आणतोय. पाटावर ठेवायची, शेजारी काचेच्या बरणीत पाणी आणि त्यात एक तुकडा, पुढे तुपाची वाटी, थिजलेली, खळगा दिसेल अशी. पाटाखाली घमेलं ठेवायला सांगितलंय, नाहीतर सभामंडप भिजेल.