पोटॅश राहिलंच की
आपले अभ्यासक रशिया-युक्रेन युद्धाकडे १९७१च्या बांगलादेश युद्धाच्या चष्म्यातून बघतात, हे म्हणणं बरंचसं पटलं. तेव्हा भारताच्या बाजूने वापरलेला सोव्हिएत व्हेटो, रशियाची शस्त्रं, स्वस्त तेल. मार्च २०२२ला संयुक्त राष्ट्रांत रशियाविरोधी ठरावावर भारतासह ३५ देश तटस्थ राहिले, त्याचाही उलगडा एवढ्यातच.

पण आमच्या जळगावातल्या रावेरकडे हे संकट खताच्या गोणीतून आलं. केळीला पोटॅश हे खत भरपूर लागतं, ते येतं बाहेरून, आणि रशिया-बेलारूस मोठे निर्यातदार. बेलारूसच्या मालाची रेल्वेवाट तर लिथुआनियाने युद्धाआधीच, १ फेब्रुवारी २०२२ला बंद केली. त्या हंगामात दुकानदार वडिलांना म्हणाला, "आप्पा, लाल पोटॅश विसरा आता." अर्ध्या डोसावर बाग काढली, घड हलकेच भरले. तटस्थतेवरच्या जाडजूड लेखांत याला एक ओळ मिळायला काय हरकत होती?