लहानपणीचे अद्भुतरम्य ॲनिमेशनपट पुन्हा पाहायचे आहेत; तीन तऱ्हेच्या आवडी असलेल्या घराला काय सुचवाल?

ओसरी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिन्ही भावंडे आईकडे जमणार आहोत आणि रोज संध्याकाळी एक ॲनिमेशनपट सगळ्यांनी मिळून पाहायचे ठरले आहे. अडचण आवडीनिवडीची आहे. राक्षस, सैन्य, शाप आणि शेवटी खलनायकाचा बीमोड एवढे असल्याशिवाय अद्भुतकथा पाहिल्याचे समाधान दादाला मिळत नाही. धाकट्या बहिणीला जपानच्या घिबली स्टुडिओचे संथ चित्रपट प्रिय आहेत, आणि त्यांत ‘काहीच घडत नाही’ ही दादाची कायमची तक्रार आहे. मी या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. सोबत दादाची दहा वर्षांची मुलगी आणि माझा पाच वर्षांचा मुलगा असतील.

आम्ही नव्वदच्या दशकात वाढलो, त्यामुळे दूरदर्शनवरचा मोगली, डिस्नेचे चित्रपट आणि पुढे कार्टून नेटवर्कवर लागणारे जपानी बनावटीचे रामायण हा आमचा सामाईक ठेवा आहे. अलीकडे यांपैकी काही मी पुन्हा पाहिले तेव्हा ‘द लायन किंग’ (1994) अजूनही भिडला, पण ‘अलादीन’ (1992) मध्ये जिन पडद्यावर नसला की माझे लक्ष उडत होते. तेव्हा पुन्हा पाहिल्यावर टिकतील असे जुने चित्रपट, आणि आमच्या पाहण्यातून निसटलेले पण तिघांनाही थोडेफार पटतील असे इतर चित्रपट कृपया सुचवावेत. संगणकीय ॲनिमेशनला माझी हरकत नाही, पण हाताने काढलेल्या चित्रांकडे ओढा अधिक आहे.

जुनापुराणा

रामायणापासूनच सुरुवात करा, कारण दादांच्या सगळ्या अटी त्यात पूर्ण होतात. युगो साको हे जपानी दिग्दर्शक 1983 मध्ये रामायणाशी निगडित उत्खननांवरील माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले होते आणि त्यातून या चित्रपटाची कल्पना त्यांच्या मनात रुजली. पुढे कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांच्या साथीने त्यांनी तो पूर्ण केला. संगीत वनराज भाटियांचे आहे. मूळ इंग्रजी आवृत्तीतील गाणी संस्कृतात असून ती वसंत देव यांनी लिहिली होती, हे मराठी प्रेक्षकांनाही सहसा ठाऊक नसते.

मोठेपणी हा चित्रपट पाहताना लहानपणी न दिसलेली एक गोष्ट जाणवते. यातील पात्रांच्या हालचाली जपानी शिस्तीच्या आहेत, परंतु वस्त्रे, दागिने, नमस्काराची ढब, बसण्याची पद्धत यांवर भारतीय हात फिरला आहे, आणि हे मिश्रण कुठेही उपरे वाटत नाही. युद्ध हा तर याचा कळस आहे. कुंभकर्ण रणांगणात उतरतो तेव्हा त्याच्या आकाराचे जे दडपण येते ते केवळ रेखाटनाच्या कोनातून आणि त्याच्या संथ गतीतून साधले आहे.

एक सूचना मात्र द्यावीशी वाटते. जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता. जानेवारी 2025 मध्ये हा चित्रपट चित्रगृहांत पुन्हा आला तेव्हा चित्र लखलखीत झाले होते, पण हिंदी ध्वनिमुद्रण नव्याने केलेले होते. अमरीश पुरींचा रावण ऐकायचा असेल, तर हाती आलेली प्रत कोणती आहे हे आधी तपासून घ्या.

निवडुंग

मोगलीबद्दल थोडे वेगळे मत नोंदवतो. ती मुळात 1989 ची, निप्पॉन ॲनिमेशनची 52 भागांची मालिका आहे. गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचे शीर्षकगीत व नाना पाटेकरांचा शेरखान ही आपल्याकडची भर आहे, आणि आपल्या आठवणीत प्रामुख्याने हीच भर उरलेली आहे. भागांमागून भाग पाहू लागलात तर मधले कित्येक भाग रेंगाळतात. सुरुवातीचे दोन-तीन भाग मुलांना दाखवावेत आणि पुढचे त्यांच्या मर्जीवर सोडावे.

पाऊसवेळ

तुमच्या धाकट्या बहिणीची बाजू मी घेते, कारण ‘काहीच घडत नाही’ हे वाक्य आमच्याही घरात ऐकू येते.

‘माय नेबर टोटोरो’ (1988) मध्ये दोन लहान बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या एका जुन्या घरात राहायला येतात आणि शेजारच्या रानात त्यांना एक प्रचंड, केसाळ, निद्राप्रिय प्राणी भेटतो, एवढीच गोष्ट आहे. पाच वर्षांच्या मुलाला हीच गोष्ट दिसेल आणि ती त्याला पुरेल. तुम्हाला आता दिसेल ती मात्र दुसरीच असेल: आई रुग्णालयात आहे, तिला सुट्टी मिळणार होती ती लांबते, आणि सगळे सांभाळून घेणारी थोरली मुलगी अखेर शेजारच्या आजींसमोर रडू लागते. टोटोरो या संकटाचे निवारण करत नाही. तो फक्त बसथांब्यावर शेजारी उभा राहतो, आणि अगदी अडल्यावर मांजरबस बोलावतो. घडायचे ते सगळे घडते, पण ते घरातल्या माणसांच्या मनात घडते आणि अद्भुताचे काम त्यांना सोबत करण्यापुरते उरते. हा चित्रपट जपानमध्ये प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा त्याच खेळात ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा युद्धात होरपळलेल्या भावंडांचा चित्रपट जोडलेला होता. ती जोडी दिवाळीत मुळीच लावू नका.

दादांसाठी त्याच दिग्दर्शकाचा, म्हणजे हायाओ मियाझाकींचा, ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (1997) आहे. त्यात शाप आहे, सैन्य आहे, रानडुकरांचा कळप युद्धावर निघतो आणि बाण लागून माणसांचे हात तुटून पडतात. खलनायकाचा बीमोड तेवढा मिळणार नाही, कारण रान तोडून लोखंड गाळणारी एबोशी हीच वेश्यागृहातून सोडवलेल्या स्त्रियांना आणि महारोग्यांना आसरा देणारी आहे. बाजू कोणाची घ्यावी हा पेच शेवटपर्यंत सुटत नाही, आणि म्हणूनच दादा यावर वाद घालतील अशी मला आशा आहे. मुले झोपल्यावरच तो लावावा.

दहा वर्षांच्या मुलीसाठी ‘स्पिरिटेड अवे’ (2001) योग्य वयात येतो. त्याला 2002 साली बर्लिन चित्रपट महोत्सवाचे सुवर्ण अस्वल आणि पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले हे सर्वांना ठाऊक असते, परंतु मुलांना त्यातला दुर्गंधीयुक्त पाहुण्याच्या स्नानाचा प्रसंग अधिक लक्षात राहतो. त्याच्या अंगात रुतलेली सायकल ओढून काढल्यावर तो एका प्रदूषित नदीचा देव निघतो. आईवडिलांची डुकरे होण्याचा सुरुवातीचा प्रसंग पाच वर्षांच्या मुलाला भीतिदायक वाटू शकतो, तेव्हा त्या वेळी त्याला जवळ घेऊन बसावे.

तर्कट

वरील प्रतिसाद वाचून घिबलीप्रेमींच्या एका सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. अद्भुताचे नियम स्पष्ट नसणे हा दरवेळी गुणच असतो असे नाही. मुळात एका ब्रिटिश कादंबरीवर आधारलेल्या ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ (2004) मध्ये नायिकेचे वय प्रसंगाप्रसंगाला बदलते, युद्ध कोण कोणाशी व का करते आहे हे कळत नाही, आणि शेवटी सगळ्या गाठी घाईघाईने सोडवल्या जातात. चित्रे अपूर्व आहेत हे मान्य करूनही मला ती कथा फसलेली वाटते. जादू जर काहीही करू शकत असेल, तर संकटात सापडलेल्या पात्राची काळजी प्रेक्षकाने का करावी, हा दादांच्या पंथाचा प्रश्न आहे आणि तो बालिश नाही.

या पंथासाठी ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ (2010) सुचवतो. तो संगणकीय आहे, पण त्यातील ड्रॅगनच्या शेपटीचे अर्धे पंख तुटलेले आहेत आणि मुलाने बनवलेल्या कृत्रिम पंखाशिवाय त्याला उडता येत नाही. या एका नियमावर सगळे उड्डाणप्रसंग उभे आहेत, त्यामुळे प्रत्येक झेपेत पडण्याचा धोका खरा वाटतो. हाताने काढलेलेच हवे असेल तर ‘द सीक्रेट ऑफ निम’ (1982) पाहावा. त्यात एक विधवा उंदरीण नांगरणी सुरू होण्याआधी आजारी पिल्लासह आपले घर हलवण्यासाठी धडपडते. डिस्ने सोडून बाहेर पडलेल्या डॉन ब्लुथ यांनी तो केला. त्यातला घुबडाचा प्रसंग मोठ्यांनाही दचकवतो. त्याच सुमाराचा डिस्नेचा ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’ (1985) मात्र नुसता काळोखा आहे, तो टाळला तरी चालेल.

‘द आयर्न जायंट’ (1999) तांत्रिकदृष्ट्या विज्ञानकथा आहे, पण घरातील सर्वांनी एकत्र रडण्यासाठी तो उपयोगी पडेल.

पाऊसवेळ

@तर्कट, ‘हाऊल’बद्दलचा तुमचा आक्षेप मी अर्धाच मान्य करते. नायिका सोफीचे वय तिच्या धार्ष्ट्याप्रमाणे बदलते. ती स्वतःला कमी लेखते तेव्हा म्हातारी होते आणि मनापासून बोलते किंवा गाढ झोपते तेव्हा तरुण दिसते. हा नियम संवादात सांगितलेला नाही, तो रेखाटनात आहे. युद्धाबद्दल मात्र तुमचेच म्हणणे बरोबर आहे.

तर्कट

रेखाटनात आहे हे कबूल, पण तो दादांना दिवाळीच्या फराळासोबत समजावून सांगण्याची जबाबदारी तुमची.

दूरचे दिवे

मी सध्या डब्लिनमध्ये राहते, त्यामुळे कदाचित पक्षपाती असेन, परंतु तुमच्या तिन्ही आवडी एकत्र बसवणारे चित्रपट आयर्लंडमधील किल्केनी शहराच्या कार्टून सलून या स्टुडिओने केले आहेत.

‘वुल्फवॉकर्स’ (2020) सर्वांत आधी पाहा. कथा 1650 ची, इंग्रजांच्या अमलाखालील किल्केनीची आहे. रानातील लांडगे संपवून जमीन मोकळी करण्याचे फर्मान निघते, आणि शिकाऱ्याच्या मुलीची गाठ झोपेत लांडगा होणाऱ्या एका रानमुलीशी पडते. दादांना करारी खलनायक, तटबंदी आणि तोफा मिळतील. तर्कट यांना स्पष्ट नियम मिळेल, कारण माणूस झोपला की आत्मा लांडग्याच्या रूपात बाहेर पडतो आणि शरीर मागे असहाय राहते, त्यामुळे शरीर कोणाच्या ताब्यात आहे यावर कथेचा ताण आहे. बहिणीला मिळेल ती रेषा. शहर जुन्या लाकडी ठशांच्या छपाईसारखे काटकोनी आणि जाड रेघांचे काढले आहे, तर रानात पेन्सिलच्या कच्च्या, सैल रेषा मुद्दाम न पुसता ठेवल्या आहेत. मुलगी जसजशी रानाची होत जाते तसतशी तिचीही रेषा सैल होते.

‘साँग ऑफ द सी’ (2014) अधिक हळवा आहे. सील या सागरी प्राण्याचे कातडे पांघरून समुद्रात जाणाऱ्या सेल्की स्त्रियांची लोककथा त्याच्या मुळाशी आहे. त्यातील माखा ही घुबडीण चेटकीण लोकांच्या भावना काचेच्या बरण्यांत बंद करून त्यांचे दगड करते. आपल्या मुलाचे दुःख पाहवेना म्हणून तिने हे सुरू केलेले असते, आणि हे कळल्यावर तिला खलनायिका म्हणणे कठीण होते. घरात नुकतेच कोणी गेले असेल तर हा चित्रपट जड जाईल, हे आधीच सांगून ठेवते.

सोनसळी

पाच वर्षांच्या मुलाला दोन तास बसवणे कठीण जाईल, म्हणून दोन लहान सुचवण्या करतो. आपल्याकडच्या ज्या घरांत सोव्हिएत बालपुस्तकांची मराठी भाषांतरे होती त्यांना सोयूझमुल्तफिल्म या रशियन स्टुडिओच्या चित्रांची धाटणी ओळखीची वाटेल. लेव अतामानोव यांचा ‘सोनेरी हरीण’ (1954) हा साधारण अर्ध्या तासाचा चित्रपट भारतीय लोककथेवर बेतलेला आहे. हरणाच्या खुरांतून सोन्याची नाणी उडतात, आणि लोभी राजाच्या तोंडून ‘पुरे’ हा शब्द निघाला की त्या सोन्याची खापरे होतात. त्यांचाच ‘हिमराणी’ (1957) थोडा मोठा आहे. तरुणपणी तो पाहून मियाझाकी भारावून गेले होते, त्यामुळे बहिणीला त्यात ओळखीच्या खुणा सापडतील.

भारतीयांपैकी शिल्पा रानडे यांचा ‘गोपी गवैया बाघा बजैया’ (2013) माझ्या मते फार उपेक्षित राहिला. उपेंद्रकिशोर राय यांच्या भुतांच्या वरदानाच्या कथेवर तो आधारित असून त्यातील सपाट, रंगीत, कळसूत्री वाटणाऱ्या आकृती कोणाचीही नक्कल करत नाहीत.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. सध्या क्रम असा ठरतो आहे: पहिल्या दिवशी ‘सोनेरी हरीण’ आणि ‘टोटोरो’, मग ‘वुल्फवॉकर्स’, मग रामायण, आणि मुले झोपल्यावर एका रात्री ‘मोनोनोके’. ‘साँग ऑफ द सी’ मी आधी एकटीने पाहीन, कारण आमच्या आजीला जाऊन अजून वर्ष झालेले नाही. दोन शंका उरतात. मुलाला उपशीर्षके वाचता येत नाहीत, तर ‘टोटोरो’ कोणत्या भाषेत लावावा? आणि रामायण एका बैठकीत झेपेल का?

पाऊसवेळ

‘टोटोरो’ मूळ जपानीतच लावा आणि कोणीतरी मोठ्याने संवाद मराठीत सांगत बसा. त्यात बोलणे कमी आहे आणि मुलाला निम्मे चित्रांवरूनच समजते. दोन्ही बहिणींच्या हाका तर भाषांतराशिवायच कळतात.

जुनापुराणा

रामायण 135 मिनिटांचे आहे. सीताहरण आणि जटायूचा प्रसंग संपला की थांबा, मुलांना जेवायला वाढा आणि किष्किंधेपासून पुढे लावा. युद्ध सलग पाहण्यासारखे आहे, त्यामुळे एकदा सेतू बांधून झाला की मध्ये उठायची परवानगी कोणालाही देऊ नका, दादांना तर नाहीच.