नेरुळ की नौपाडा? लवकर सांगा, घरात रोज वाद चाललेत

ओटीवरची
मदत हवी आहे. आम्ही सध्या नवी मुंबईत, नेरुळ पश्चिमेला राहतो. इथेच राहायचं की ठाण्याला नौपाड्यात जायचं ते दिवाळीच्या आत ठरवायचंय. फायद्या-तोट्यांचे तक्ते नकोत. ते नवऱ्याने एक्सेलमध्ये रंग भरून केलेत आणि बरोबरी आलीय.

मला वेगळंच विचारायचंय. एखादी जागा आपल्याला खरंच आवडते की नुसती अंगवळणी पडलीय, हे ओळखायचं कसं? नेरुळला पाण्याची कटकट नाही, फुटपाथवरून चक्क चालता येतं, झाडं आहेत. पण रात्री साडेआठला आमचा सेक्टर सामसूम. नौपाड्यात पाय ठेवायला जागा नसते, रिक्षावाले उर्मट, तरी गोखले रोडला लागलं की मला बरं वाटतं. या बरं वाटण्यावर कितपत विसंबावं? स्वतःचा अनुभव असेल तर लिहा. "शेवटी आपल्यावर असतं" असं लिहिणार असाल तर राहू द्या.

हिशेबी माणूस
भाड्याने की विकत? बजेट किती? ऑफिस कुठे? मुलं कितवीत? घरात ज्येष्ठ नागरिक आहेत का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निवांत नेरुळकर
प्रश्नच कळला नाही. सकाळी ज्वेल पार्कला एक फेरी मारा, हिवाळ्यात चाणक्य मरीन कॉलेजच्या मागे फ्लेमिंगो बघा आणि मग नौपाड्याचं नाव काढा. नेरुळ सोडून ठाण्याच्या गर्दीत कोण जातं?

फलाट नऊ
ज्यांचं सगळं ठाण्यात आहे ते जातात. नवी मुंबईत घरं आहेत, गाव नाही. आमच्याकडे १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, गडकरी रंगायतन आहे, तलावपाळी आहे, पाडव्याला कोपिनेश्वरापासून स्वागतयात्रा निघते. तुमच्याकडे काय, सेक्टर आणि प्लॉट नंबर.

निवांत नेरुळकर
वाशीचं भावे नाट्यगृह विसरलात वाटतं. आणि खरं सांगा, त्या ग्रंथसंग्रहालयात शेवटचे कधी गेला होतात?

फलाट नऊ
मुद्दा तो नाही.

खाडीपलीकडे
दोन्ही सोडा, उलव्याला घ्या. अटल सेतू झाला, नेरुळ-उरण लोकल झाली, विमानतळ सुरू झालं. आम्ही घेतलं तेव्हा लोक हसत होते.

ओटीवरची
@खाडीपलीकडे, उलव्याचं कोणी विचारलंय का?

@हिशेबी माणूस, माझं ऑफिस ऐरोलीला. ठाण्याहून जवळ, पण नेरुळहूनही थेट गाडी आहे आणि खिडकी मिळते, त्यामुळे तो प्रश्न मिटलेला. नवरा बहुतेक घरूनच काम करतो. मुलगी यंदा दहावीला, पुढच्या वर्षी कॉलेज कुठेही. सासूबाई आमच्याकडे असतात.

हिशेबी माणूस
भाड्याने की विकत, ते अजून सांगितलं नाहीत.

भाडेपट्टा
नेरुळला घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. रिसेलमध्ये सिडकोचं हस्तांतरण शुल्क लागतं, ते देणारा भरणार की घेणारा हे टोकन देण्याआधी लेखी घ्या. सोसायटीचं ना-हरकत पत्र, आधीच्या सगळ्या व्यवहारांचे करारनामे यांची साखळी तपासा. गावठाणातल्या स्वस्त इमारतींच्या वाट्याला तर जाऊच नका, दिघ्याला बेकायदा इमारतींचं काय झालं ते आठवा.

ओटीवरची
मी नेरुळला काहीही विकत घेत नाहीये! नौपाड्यातलं घर आमचंच आहे. सासऱ्यांनी घेतलेलं. जुनी तीन मजली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, बिल्डर भाडं देतो, म्हणून आम्ही नेरुळला आलो. आता तो म्हणतो दिवाळीत ताबा देतो. हे आणखी कसं सांगायचं?

हिशेबी माणूस
ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं. सगळं गणितच बदललं. नेरुळला राहिलात तर बिल्डरचं भाडं बंद, इथलं भाडं खिशातून. नौपाड्याला गेलात तर नव्या टॉवरचा मेंटेनन्स. लिफ्ट, पंप, जनरेटर, सुरक्षारक्षक, कोणी वापरो न वापरो ते जिम. जुन्या इमारतीत जेवढं भरत होतात त्याच्या कितीतरी पट येईल. बिल्डरकडून कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे, मिळालाय ना? त्याच्या व्याजात भागतं का बघा.

तीन हात नाका
पुनर्विकासातून नुकतेच परत आलेले आम्ही, म्हणून सांगतो. दिवाळीत ताबा म्हणजे नेमकं काय? भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारतीत राहायची महापालिकेची परवानगी, आलंय का? "फर्निचरसाठी ताबा" या नावाखाली आधी चाव्या देतात आणि त्याच तारखेपासून भाडं बंद करतात. ओसीशिवाय राहायला जाऊ नका, आणि तुमच्या करारात भाडं कुठपर्यंत द्यायचं म्हटलंय ते शब्दशः वाचा. आमच्याकडे निम्म्या लोकांनी करार कपाटातून बाहेरच काढला नव्हता.

भाडेपट्टा
सहमत. शिवाय नेरुळचा लिव्ह अँड लायसन्स भाडेकरार नोंदणीकृत आहे ना? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.

ओटीवरची
आहे नोंदणीकृत. माझा प्रश्न आवडण्याचा होता.

जिन्यातली पायरी
मी उत्तर द्यायचा प्रयत्न करते. तुमचं सदस्यनाम ओटीवरची. त्या नौपाड्याच्या घरातलं तुम्हाला नेमकं काय आवडायचं? इमारत तीन मजली होती, आता किती? आणि जुन्या बिऱ्हाडांपैकी परत किती येतायत? आमचंही घर असंच पडून उभं राहिलं, ठाण्यातच, चरईत. मला वाटायचं मला चरई आवडते. परत गेल्यावर कळलं की मला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आवडायच्या. त्यांनी घर विकलं आणि मुलाकडे बदलापूरला गेल्या. आता मी अठराव्या मजल्यावरून चरईकडे बघते, चरई खाली असते. वाईट नाहीये, पण आधीचं नाहीये.

उलट उदाहरणही आहे. नवऱ्याला यातलं काही जाणवत नाही. त्याला खाली उतरलं की वडापाव आणि दहा मिनिटांत स्टेशन एवढंच हवं होतं, ते जसंच्या तसं मिळालं. त्यामुळे आधी ठरवा, तुमचं बरं वाटणं रस्त्याचं आहे की इमारतीचं. गोखले रोडवर वाटतं म्हणालात, म्हणजे रस्त्याचं असावं. रस्ता अजून जागेवर आहे.

फलाट नऊ
जागेवर आहे पण पार्किंगने भरलेला. तरी +१.

ओटीवरची
@जिन्यातली पायरी, हा पहिला कामाचा प्रतिसाद. बिऱ्हाडांपैकी तिघांनी आधीच विकायला काढलंय, दोघं परदेशी मुलांकडे, एक आजी गेल्या. इमारत आता बावीस मजली. शेजारच्या जोशीकाकूंसारखं कोणी राहिलं नाही खरं तर. पण तरीही मला जावंसं वाटतं, हे कसं?

हिशेबी माणूस
सासूबाईंचं मत काय? त्या वयात जुन्या जागेची ओढ असते. त्यांच्यासाठी तरी परत जा. डॉक्टर, देऊळ, ओळखीपाळखी सगळं तिकडे.

ओटीवरची
सासूबाईंना यायचंच नाहीये, वाद त्यावरच चाललाय. त्यांचा वंडर्स पार्कचा ग्रुप जमलाय, सकाळी चालणं, मग कोणाकडे तरी चहा, गुरुवारी भजन. गुडघे दुखतात, आणि इथे सपाट फुटपाथ आहे. नौपाड्यात स्कूटरच्या मधून वाट काढायला त्या साफ नाही म्हणतात. "तुला काय आवडतं तिथलं, सगळा जन्म तर मी काढलाय तिथे," हे त्यांचं वाक्य. मला बोलायला जागाच ठेवली नाही.

निवांत नेरुळकर
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

तीन हात नाका
बाकीचे नेहमी उलटंच धरून चालतात, म्हणून मी यावर थांबलो. ज्येष्ठांना जागा आवडते म्हणजे बऱ्याचदा चालता येतं म्हणून आवडते. त्यांना दिवाळीनंतर रोज संध्याकाळी सातला गोखले रोडवर चालायला लावणार आहात का? आणि तुम्ही स्वतः नेरुळमध्ये कुठे जाता? ऑफिस, घर, ऑफिस? तसं असेल तर नेरुळ तुम्ही पाहिलंच नाही, तुमच्या सासूबाईंनी पाहिलंय.

जिन्यातली पायरी
हे जरा एकतर्फी होतंय. सून आहे म्हणून तिला काय आवडतं याला किंमत नाही का? नोकरी करून आल्यावर तिला उजेड आणि माणसं हवी असतील. साडेआठला सामसूम होणारी गल्ली ज्याला मानवत नाही त्याला मानवत नाही. एक सुचवते. ताबा मिळाला की लगेच सामान हलवू नका. नौपाड्याच्या घरात दोन गाद्या, गॅस, पाणी एवढं ठेवून साध्या कामाच्या दिवसांत तुम्ही आणि लेक राहा. तिथूनच ऐरोली गाठा, तिथलीच भाजी आणा, बाईचा दांडीचा दिवसही तिथेच येऊ द्या. सणासुदीला जाऊ नका, पाडव्याला नौपाडा कोणालाही आवडतो.

हिशेबी माणूस
म्हणजे तेवढे दिवस दोन घरांचा खर्च. त्यापेक्षा नौपाड्याचं अकरा महिन्यांच्या करारावर देऊन टाका, त्या भाड्यात नेरुळ सुटेल, वर उरेलही. वर्षभराने बघा. निर्णय घ्यायची गरजच नाही.

जिन्यातली पायरी
निर्णय न घेणं हाही निर्णयच असतो, आणि तो दरवेळी सासूबाईंच्या बाजूने पडेल. नव्या कोऱ्या घरात आधी भाडेकरू राहणार, ते कोणाला बरं वाटेल?

हिशेबी माणूस
बरं वाटण्याचे पैसे मिळत नाहीत.

खाडीपलीकडे
मी अजूनही म्हणतो, नौपाडा विकून उलव्याला दोन घ्या. एकात सासूबाई.

फलाट नऊ
अवांतर. ठाणे-वाशी लोकल २००४ला सुरू झाली. त्याआधी आम्ही कुर्ल्याला उतरून हार्बर पकडायचो. तेव्हा कोणी म्हणालं असतं की नेरुळ-ठाणे अंतराचा प्रश्नच नाही, तर वेड्यात काढलं असतं. आता तीन हात नाक्याला मेट्रोही येतेय.

निवांत नेरुळकर
येतेय, येतेय. आमची बेलापूर-पेंधर २०२३लाच सुरू झाली.

ओटीवरची
मेट्रोची भांडणं दुसरा धागा काढून करा. अपडेट देते. करार काढून वाचला. भाडं "भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देईपर्यंत" असं आहे. काल सोसायटीच्या सचिवांना विचारलं, तर ओसी खालच्या मजल्यांपुरतीच आलीय. आम्ही सोळाव्यावर. म्हणजे दिवाळी विसरा. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी भजनाच्या ग्रुपवर लगेच कळवलं सुद्धा.

गाद्या-गॅसचा प्रयोग ओसी आल्यावर करणार, लेक तयार आहे, नवरा एक्सेलमध्ये नवी शीट उघडतोय. तोवर इथला करार वाढवावा लागेल आणि घरमालक एक वर्षाचा लॉक-इन मागतोय. तो मान्य करावा का? कोणी केलाय?

भाडेपट्टा
लॉक-इन अजिबात घेऊ नका. अगदीच अडला तर तीन महिन्यांचा, आणि नोटीस एक महिन्याची. करारात लॉक-इन लिहिला की त्या मुदतीत सोडताना उरलेलं भाडं मागू शकतो. त्याला सांगा, ओसी आली की जाणार, हवं तर भाडं थोडं वाढवा.

हिशेबी माणूस
भाडं वाढवा म्हणजे काय? ते बिल्डर देतोय की ताई वरचा फरक भरतायत? किती भरतायत? हेही अजून सांगितलेलं नाही.