मदत हवी आहे: आईबाबांसोबत राहून आपला फोन आणि खाती आपल्यापुरती कशी ठेवायची?

नमस्कार. मी २२ वर्षांची आहे. नाशिकला इंदिरानगरमध्ये आईबाबा, आजी आणि धाकट्या भावासोबत राहते. सीएची आर्टिकलशिप (फर्ममध्ये करायचं प्रशिक्षण) चालू आहे, ऑफिस कॅनडा कॉर्नरजवळ.

आधीच सांगते, माझे आईबाबा वाईट नाहीत. मला कधी कोंडून ठेवलं नाही, शिकायला अडवलं नाही. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

गेल्या महिन्यात मी दोन गोष्टी शोधत होते. एक म्हणजे पुण्यात आर्टिकलशिप बदलून घेता येईल का. दुसरी म्हणजे समुपदेशक. परीक्षेनंतर झोप लागत नाही, छातीत धडधडतं, म्हणून कुणाशी तरी बोलावं असं वाटत होतं. घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं. रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "पुण्याला जायचं चाललंय का तुझं?" आणि रात्री गच्चीवरचे कपडे काढताना आईने हळूच विचारलं, "समुपदेशक कशाला हवाय गं? आमचं काही चुकलं का?"

आईला मी हे सांगणारच होते. पण माझ्या शब्दांत, माझी तयारी झाल्यावर. ते माझ्या हातातून गेलं. त्या दिवसापासून फोनवर काहीही लिहिताना कुणीतरी मागे उभं आहे असं वाटतं.

यांना कळलं कसं, तेच मला कळत नाही. फोनचा पिन घरात सगळ्यांना माहीत आहे, पण फोन सहसा माझ्याकडेच असतो. सिम बाबांच्या नावावर आहे, अकरावीत घेतलेलं. जीमेलही त्यांनीच उघडून दिलं होतं. बँकेचं खातं मी अज्ञान असताना काढलेलं, स्टायपेंड जमा झाल्याचा मेसेज अजून त्यांच्या नंबरवर जातो. दोन वर्षांपूर्वी ऑडिटहून रात्री उशिरा यायचे तेव्हा मॅप्सवर लोकेशन शेअर केलं होतं, ते आजतागायत चालू आहे. मी पुण्याच्या बसमध्ये असले की बाबांचा फोन येतो, "नारायणगावला एवढा वेळ का थांबलात?"

माझ्या फोनमध्ये काही टाकलेलं असेल का? ते कसं ओळखायचं? आणि हे सगळं बदलायचं तर घरात भांडण न होता कसं बदलायचं? "लपवण्यासारखं आहे काय?" या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

पांडवलेणी:
घाबरू नका. एकच प्रश्न. घरातल्या दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर किंवा टीव्हीवर तुम्ही तुमच्या जीमेलने कधी लॉगिन केलं होतं का?

धागाकर्ती:
हो. सीए फाउंडेशनचा फॉर्म बाबांच्या लॅपटॉपवरून भरला होता, तेव्हा क्रोममध्ये माझंच खातं टाकलं होतं. आणि हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूब माझ्या खात्यावर चालतं, कारण टीव्ही घेतला तेव्हा सेट मीच केला होता.

पांडवलेणी:
मग बहुतेक तिथूनच कळलं. क्रोममध्ये सिंक चालू असेल तर फोनवर शोधलेलं लॅपटॉपच्या हिस्टरीत जातं. बाबांनी पत्त्याच्या पट्टीत "पु" टाइप केलं तरी खाली तुमच्या पुण्याच्या फर्मची नावं येणार. यूट्यूबचंही तेच. तुम्ही फोनवर चिंतेबद्दलचे चार व्हिडिओ पाहिले की टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर तशाच व्हिडिओंची रांग लागते आणि आजीसकट सगळं घर ती बघतं. कुणी मुद्दाम पाळत ठेवली असेलच असं नाही.

आता काय करायचं ते सांगतो, क्रम मात्र पाळा.

सगळ्यात आधी गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल बघा. तिथे बाबांचा नंबर असेल तर तो आधी बदला, पासवर्ड नंतर. उलटं केलंत तर नवा पासवर्डही त्या नंबरवरून पुन्हा बदलता येतो, सगळी मेहनत वाया. त्यानंतर पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, आणि सुरक्षा विभागात "तुमची डिव्हाइस" उघडून लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही साइन आउट करा. एक लक्षात ठेवा, साइन आउट केलं तरी लॅपटॉपवर आधीच उतरलेली हिस्टरी आणि सेव्ह झालेले पासवर्ड तिथेच राहू शकतात. ते त्या लॅपटॉपवर बसूनच पुसावे लागतात, म्हणजे बाबांना सांगूनच. टीव्हीवर घरासाठी वेगळं खातं उघडून द्या.

व्हॉट्सअॅपमध्ये "लिंक केलेली डिव्हाइस" बघा. एका खात्याला फोनशिवाय चार डिव्हाइस जोडता येतात आणि फोन बंद असला तरी ती चालतात. प्रिंट काढायला भावाच्या कॉम्प्युटरवर जोडलेलं महिनोन्महिने तसंच राहतं, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. टू-स्टेपचा सहा आकडी पिनही लावा. चॅट लॉकवर विसंबू नका, कारण ते नुसतं बोटाच्या ठशावर ठेवलं तर फोनचा पिन माहीत असलेला माणूस ते उघडू शकतो. त्याला वेगळा सिक्रेट कोड देता येतो, तो द्या.

फोनचा पिन बदलाच. सोबत सेटिंगमध्ये बोटांचे ठसे किती नोंदलेत तेही मोजा. पिन बदलला आणि भावाचा अंगठा आतच राहिला, असं होतं.

फोनमध्ये काही टाकलंय का, हे बघायला प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट चालवा. मग सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन अॅक्सेस आणि डिव्हाइस अॅडमिन या तीन जागा उघडा. चोरून बघणाऱ्या अॅपला यांपैकी एखादी परवानगी बहुधा लागतेच. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर ते इथे लिहा, लगेच उडवू नका.

धागाकर्ती:
तिन्ही ठिकाणी पाहिलं, अनोळखी काही नाही. डिव्हाइसच्या यादीत लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही आहेत. म्हणजे फॉर्म भरल्यापासून, जवळजवळ चार वर्षं. मला वाटलं होतं मला राग येईल, पण हायसं वाटलं.

वायफायचं काय? इन्कॉग्निटो वापरलं तर बाबांना दिसत नाही ना?

पांडवलेणी:
इन्कॉग्निटोने फक्त तुमच्या फोनवर हिस्टरी राहत नाही. राउटर आणि इंटरनेट देणारी कंपनी यांच्यापासून ते काही लपवत नाही. पण आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे मधली माहिती कुलूपबंद जाते, त्यामुळे राउटरमध्ये फार तर साइटचं नाव कळेल. तुम्ही कुठलं पान वाचलं, काय लिहिलं हे कळत नाही. घरातले लोक राउटरचा लॉग उघडून बसत नाहीत. तुमचा धोका हॉलमधला टीव्ही होता.

सातपूरकर:
सिमबद्दल सांगतो, कारण ते कुणी मनावर घेत नाही. सिम ज्याच्या नावावर तोच कागदोपत्री मालक. डुप्लिकेट सिम मागायचा हक्क बाबांचा, तुमचा नाही. उद्या फोन चोरीला गेला तरी दुकानात त्यांनाच न्यावं लागेल. कंपनीच्या स्टोअरमध्ये दोघांनी आधार घेऊन गेलात तर नंबर तुमच्या नावावर होतो, पण त्याला त्यांची संमती लागते. नाही म्हणाले तर स्वतःच्या नावावर नवं सिम घ्या, अठरा पूर्ण झालेल्या कुणालाही मिळतं. मात्र जुना नंबर चालू असतानाच आधार, बँक, गूगल सगळीकडे नवा टाका. आधारला जोडलेला मोबाइल नंबर आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे देऊन बदलता येतो, कागद लागत नाहीत. डिजिलॉकरसाठीही आधारचा ओटीपी लागतो, म्हणून आधार आधी करा. व्हॉट्सअॅपमध्ये "नंबर बदला" आहे, ग्रुप जात नाहीत.

बँकेत तर जावंच लागेल. अज्ञान म्हणून उघडलेलं खातं अठरा वर्षांनंतर तुमच्या सहीने आणि नव्या केवायसीने चालवायचं असतं. ते झालंय का हे शाखेत विचारा आणि त्याच वेळी मेसेजचा नंबर बदलून घ्या. तुमचा स्टायपेंड आहे, त्याची पहिली खबर तुम्हालाच यायला हवी.

कायद्याचंही थोडं सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो मुख्यतः सरकारच्या विरोधात मागायचा हक्क आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. म्हणजे घरात हे कलम दाखवून काही सुटणार नाही. तुम्ही सज्ञान आहात, एवढं मात्र स्वतःला पक्कं ठाऊक असू द्या.

एक आई:
अगं, मी गंगापूर रोडला राहते, माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. दुसऱ्या बाजूने लिहिते.

आमच्याकडेही टीव्हीवरच कळलं होतं. मी शोधायला गेले नव्हते, भजन लावायला रिमोट घेतला आणि समोर आलं. एकदा दिसलं की डोळे मिटून घेता येत नाहीत गं. रात्रभर झोपले नाही. मी त्याला विचारलं, तेही चारचौघांत, आणि तो दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. मी सरळ त्याच्या खोलीत जाऊन "मला हे दिसलं, मी शोधलं नव्हतं" एवढंच म्हणायला हवं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

तुझ्या आईने काय विचारलं ते परत वाच. "आमचं काही चुकलं का?" ती तुला पकडत नव्हती, घाबरली होती. पासवर्ड बदलायच्या आधी तिच्याशी बोल. आधी बदललास तर घराला वाटेल की तिने विचारलं म्हणून तू दार लावून घेतलंस. "लपवण्यासारखं काय आहे" याला उत्तर शोधत बसू नकोस. तिला विचार, तुझ्या माहेरून आलेली पत्रं सासूबाईंनी आधी फोडून वाचली असती तर? माझ्या पिढीतल्या बायकांना हे लगेच कळतं. आमच्यातल्या कित्येकींची पत्रं खरंच फोडली गेली आहेत.

लोकेशन मात्र एकदम बंद करू नकोस. कायमचं काढ आणि प्रवासापुरतं दे. व्हॉट्सअॅपवर पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असं देता येतं. ठक्कर बाजारवरून बस सुटताना आठ तासांचं लावलंस की पुण्यापर्यंत पुरतं, मग आपोआप बंद होतं. बाबांच्या जिवाला तेवढा आधार राहू दे.

द्राक्षवेल:
वरच्या ताईंशी सहमत, पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहिणं मला गरजेचं वाटतं. सगळी घरं अशी नसतात. ज्या घरात मारहाण होते, फोन हिसकावला जातो, लग्नासाठी जबरदस्ती होते, तिथे "आधी बोल" हा सल्ला घातक ठरू शकतो. तिथे एकाच दिवशी सगळे पासवर्ड बदलणंही अंगावर येऊ शकतं. अशा वेळी जुन्या फोनला हात न लावता मैत्रिणीच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून नवं ईमेल उघडा, कागदपत्रांच्या प्रती तिथे ठेवा आणि मदत आधी मिळवा. महिलांसाठी १८१ आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती, तुलाही तो नंबर आजच वापरता येईल. फोन केल्यावर कॉल लॉगमधून नोंद काढून टाक. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचाराची माहिती गुप्त राहणं हा तुझा हक्क आहे. आईबाबांना काय सांगायचं ते तू ठरव.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी काय झालं ते लिहिते.

आईशी गच्चीवरच बोलले. पत्रांचं विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, हातातली उशीची खोळ तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या आईचं एक पत्र मला कधी मिळालंच नाही." मला हे माहीत नव्हतं. त्यानंतर समुपदेशकाचं तिने स्वतः काढलं नाही, मीच सांगितलं. झोपेचंही सांगितलं. बुधवारी माझी वेळ आहे. ती म्हणाली मी रिक्षाने सोबत येते, बाहेर बसते. मी हो म्हटलं.

लॅपटॉपचं बाबांना सांगितलं तेव्हा ते खरोखर चकित झाले. त्यांना वाटत होतं ती नावं गूगल आपल्या मनाने दाखवतंय. दोघांनी मिळून माझं खातं काढलं, हिस्टरी पुसली. टीव्हीवर घराचं वेगळं खातं केलं, आता आजीची कीर्तनं त्यावर आहेत. फोनचा पिन बदलला, आणि ठशांमध्ये भावाचा अंगठा खरंच होता. पिन आईला हवा होता, अडीअडचणीला म्हणून. त्याऐवजी लॉक असतानाही उघडणाऱ्या आपत्कालीन माहितीत तिघांचे नंबर टाकले आणि ते तिला दाखवले.

लोकेशनवर बाबा अडले. "मी बघून तुला काही बोलतो का?" म्हणाले. मी नारायणगावची आठवण करून दिली. शेवटी प्रवासाचे आठ तास ठरले, पण त्यांना ते पटलेलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

सिमचं अजून बोललेच नाही. बँकेत सोमवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून जाणार आहे. सातपूरकर, एक विचारायचं होतं. नंबर नावावर करून घ्यायला बाबा तयार झाले तर बँकेचं आधी उरकू की सिमचं?

सातपूरकर:
नंबर तोच राहणार असेल तर बँकेसाठी थांबू नका, सोमवारी जा. स्टायपेंडचा मेसेज तुमच्या हातातल्या नंबरवर लावून घ्या. सिम नावावर करताना मात्र नवं कार्ड मिळालं तर ते सुरू झाल्यावर चोवीस तास एसएमएस बंद असतात, ओटीपी येणार नाहीत, म्हणून त्या किंवा दुसऱ्या दिवशी फी भरायची किंवा फॉर्म भरायची शेवटची तारीख नाही ना, हे बघून जा.