घरच्या उसापासून दाणेदार साखर होते का, की शेवटी गूळच?

कुंपणाकाठचा_ऊस:
नमस्कार मंडळी, कुंपणाच्या कडेने लावलेला ऊस आता भरलाय, कांड्या जाड झाल्यात, खालचं पाचट वाळलंय. गूळ कसा करतात ते माहितीये, पण मला दाणेदार साखर करून बघायचीय, अगदी मनापासून. जिथे वाचावं तिथे रस आटवा, आटवा एवढंच आणि शेवटी फोटो गुळाचा. घरच्या गॅसवर केमिकल न घालता दाणा पडतो का? चरक नाहीये, मिक्सरवर जमेल का?

मातीत_हात:
पडतो, नक्की पडतो. फक्त पांढरीशुभ्र नाही निघणार, सोनेरी तपकिरी आणि जरा ओलसर निघेल, चव मात्र सुंदर. हिशोब आधीच करून ठेवा: 10 किलो उसातून छोट्या चरकावर साधारण साडेपाच किलो रस, त्यात 18 टक्क्यांच्या आसपास विरघळलेली साखर धरली तर जेमतेम एक किलो. गूळ केला तर ते सगळं हाती येतं. साखर करायची तर दाणा त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी, बाकीचा पाक.

मिक्सरवर जमतं. सोला, पेरांवरच्या कडक गाठी काढून टाका, बारीक तुकडे करा, थोडं पाणी घालून फिरवा आणि जाड फडक्यातून पिळा. पण जे पाणी घालाल ते पुन्हा आटवावंच लागणार, म्हणजे गॅस जास्त. ऊस बराच असेल तर कुणाचा तरी चरक मिळतो का बघा.

रसायन_शिकवते:
दादा, दाणा पडणार की नाही हे आटवण्याच्या आधीच ठरलेलं असतं, ते कुणी लिहीत नाही म्हणून सविस्तर लिहिते. दाणा बनतो सुक्रोजचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेचा. रस मुळात आंबट असतो, पीएच (आंबटपणाचं माप, 7 च्या जितका खाली तितकं आंबट) साधारण 5.2 ते 5.5, आणि आंबटपणा अधिक उष्णता मिळाली की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ही दोघं जास्त झाली की पाक कितीही आटवा, चिकटच राहतो. ऊस तोडून ठेवला तरी हेच सुरू होतं, वर जिवाणू लागले की रस बुळबुळीत होतो आणि पुढे दाणा नीट वाढत नाही.

म्हणून तोडला त्याच दिवशी पिळायचा आणि पिळला की लगेच आचेवर. शेंड्याकडचा कोवळा भाग, वाढ्यासकट, साखरेच्या रसात घेऊच नका, त्यात सुक्रोज कमी आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असतं, तो भाग नुसता रस प्यायला वापरा. हातातला रिफ्रॅक्टोमीटर (रसात किती साखर विरघळलीय ते दाखवणारं छोटं यंत्र) मिळाला तर बुडख्याच्या आणि वरच्या कांडीचा ब्रिक्स, म्हणजे तोच आकडा, मोजा, दोन्ही जवळपास सारखे आले की ऊस खरा पक्व. फरक मोठा असेल तर थांबा, थोडं थांबल्याने खूप फरक पडतो.

आणि रसात चुना. खायचा चुना पाण्यात पातळ कालवून कोमट रसात थोडा थोडा घालायचा, पीएचची पट्टी 7 च्या जवळ आली की बस्स. मग उकळी आणा, मळी वर येईल ती झाऱ्याने काढत राहा, गाळून घ्या.

कुंपणाकाठचा_ऊस:
ताई एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. पण चुना म्हणजे केमिकलच झालं ना? त्याऐवजी खायचा सोडा चालेल का, किंवा भेंडीचा चिकट रस, तो गुळाला वापरतात ऐकलंय.

रसायन_शिकवते:
भेंडीचा चिकट रस मळी पकडायला छान, पण आंबटपणा त्याने जात नाही. सोड्याने आंबटपणा जातो पण चुन्याचं दुसरं काम होत नाही: चुना रसातल्या फॉस्फेटबरोबर साका धरतो आणि गढूळपणा सोबत ओढून खाली नेतो. लागतोही अगदी थोडा, बराचसा त्या साक्यात आणि मळीत निघून जातो. जास्त मात्र घालू नका, पीएच 8 च्या वर गेला की रंग काळपट होतो आणि चव बिघडते.

मातीत_हात:
पुढचं मी सांगतो. पसरट भांडं घ्या, खोल नको, आणि शक्य असेल तर बाहेर उघड्यावर चूल किंवा शेगडी लावा कारण वाफ प्रचंड होते. सुरुवातीला आच मोठी, पाक दाटला की मंद, नाहीतर तळाला लागतो आणि उतूही जातो. थर्मामीटर हवाच. तुमच्याकडे पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्यापेक्षा 12 अंश वर गेलं की उतरवा, म्हणजे साधारण 112, तेव्हा पाकात 80 टक्क्यांच्या आसपास साखर असते. गुळासाठी 118 च्या आसपास जातात, तिथपर्यंत गेलात तर सगळं एकदम घट्ट होईल आणि दाणा वेगळा करता येणार नाही. हा पाक अंगावर उडाला तर वाईट भाजतं, लहान मुलांना लांब ठेवा.

उतरवल्यावर थोडं निवू द्या आणि चिमूटभर बारीक दळलेली साखर टाका, हे बियाणं समजा, त्याच्याभोवतीच दाणा वाढतो. भांडं जाड कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून हळूच ढवळा. जितकं सावकाश निवेल तितका दाणा मोठा, घाईत गार केलं तर पिठासारखा बारीक पडतो आणि मग पाक गळतच नाही. एकदोन दिवस द्या.

मग मलमलच्या पिशवीत घालून टांगा. पाक गळायला वेळ लागतो, भाजी गरगर फिरवून पाणी काढायचं हाताचं यंत्र असेल तर पिशवी त्यात फिरवा, काम पटकन होतं.

पाकळी:
कारखान्यातली पांढरी कशी मग? तिथेही चुनाच घालतात ना?

रसायन_शिकवते:
हो, चुना असतोच, बरोबर गंधकाचा धूर देतात किंवा दुसऱ्या पद्धतीने रंग काढतात. मोठा फरक व्हॅक्यूम पॅनचा. एडवर्ड हॉवर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने 1813 मध्ये बंद भांड्यात हवेचा दाब कमी करून पाक उकळायची पद्धत आणली, त्यामुळे पाक बऱ्याच कमी तापमानाला आटतो, सुक्रोज फुटत नाही, करपत नाही. नंतर सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरून पाक वेगळा करणाऱ्या यंत्रात, फिरवून पाण्याने धुतात. घरीही पिशवीतल्या दाण्यावर अगदी थोडं गार पाणी शिंपडून पुन्हा फिरवलं तर रंग बराच उजळतो, थोडी साखर विरघळून जाते तेवढं मान्य करायचं.

मातीत_हात:
गळलेला पाक पुन्हा आटवून दुसरा दाणा काढायच्या नादी लागू नका, त्यात आता ग्लुकोज-फ्रुक्टोज साठलेलं असतं, घरच्या भांड्यात फार काही निघत नाही. सरळ काकवी म्हणून कोरड्या बरणीत भरा. साखर ताटात पसरून पूर्ण वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ही विकतच्यापेक्षा लवकर दमट होते.